महासाथीत लस घ्यावी की नाही: फायद्या-तोट्याचा हिशेब कसा मांडावा

धायरीहून आपण लिहिले आहे की, आपल्या वडिलांनी एप्रिल २०२१ मध्ये कोविशिल्डचा पहिला आणि जुलैमध्ये दुसरा डोस घेतला, २०२३ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि २०२४ मध्ये ‘ॲस्ट्राझेनेका कंपनीने न्यायालयात दुष्परिणाम मान्य केला’ ही बातमी (कोविशिल्ड ही याच कंपनीची लस, आपल्याकडे सीरमने बनवलेली) वाचल्यापासून, लस घेतली ती चूक झाली का, हा विषय घरात पुन्हा पुन्हा निघतो. उद्या दुसरी महासाथ आली तर आपण, आपली पत्नी आणि अकरावीत शिकणारी मुलगी यांच्यासाठी निर्णय कसा घ्यावा, हेही आपण विचारले आहे. माझ्या कामाचा बराचसा काळ पुण्यात लसीकरण आणि त्यानंतरच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्यात गेला आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ अशा एका शब्दात देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

वडिलांबद्दल आधी सांगते, कारण ती काळजी आजची आहे. बातमीत ज्या दुष्परिणामाचा उल्लेख होता, त्याला टीटीएस म्हणतात. म्हणजे रक्तात गुठळ्या होणे आणि त्याच वेळी प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या कणिकांची, संख्या घसरणे. यात लस घेतल्यानंतर शरीर चुकून प्लेटलेटमधील पीएफ-४ या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करते, त्या अँटिबॉडी प्लेटलेटना उत्तेजित करतात, आणि मेंदूतील किंवा पोटातील शिरांसारख्या एरवी क्वचित आढळणाऱ्या जागी गुठळ्या होऊ लागतात. ही सारी प्रक्रिया लशीनंतर साधारण चौथ्या दिवसापासून सहाव्या आठवड्यापर्यंतच्या काळात घडते. दोन वर्षांनी हृदयाच्या धमनीत सापडलेला अडथळा हा त्या धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचत गेलेल्या चरबीचा असतो. त्याची यंत्रणा वेगळी, जागा वेगळी आणि काळही वेगळा. वडिलांची अँजिओप्लास्टी आणि टीटीएस यांचा संबंध जोडता येत नाही.

शिवाय ती बातमी २०२४ ची असली, तरी माहिती २०२४ ची नव्हती. युरोपच्या औषध नियामक संस्थेने ७ एप्रिल २०२१ रोजीच हा अतिदुर्मिळ दुष्परिणाम जाहीर केला होता, आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १७ मे २०२१ रोजी लशीनंतरच्या वीस दिवसांत धाप लागणे, छातीत दुखणे, पायाला सूज येणे, इंजेक्शनच्या जागेपासून दूर त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसणे, सतत पोटात दुखणे किंवा तीव्र डोकेदुखी होणे यांकडे लक्ष ठेवण्याची सूचना काढली होती. मात्र ती सूचना लस घेणाऱ्या बहुतेक लोकांपर्यंत पोहोचली नाही. लस टोचून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात मराठीत छापलेला अर्ध्या पानाचा कागद असता, तर तीन वर्षांनी ती बातमी वाचताना आपल्यापासून काही लपवले गेले असे कोणाला वाटले नसते. हे मी आरोग्य यंत्रणेतील माझ्या सहकाऱ्यांनाही सांगत आले आहे.

तरुण माणसे अचानक दगावण्याच्या घटनांचीही आपल्या मनात भीती असेल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) देशभरातील ४७ रुग्णालयांत १८ ते ४५ वयोगटातील अशा ७२९ आकस्मिक मृत्यूंची तुलना त्याच वयाच्या, त्याच परिसरातील सुमारे २,९०० जिवंत व्यक्तींशी केली. लस घेतल्यामुळे असा मृत्यू येण्याची शक्यता वाढल्याचे त्यात आढळले नाही. दोन डोस घेतलेल्यांत ती कमीच दिसली. कुटुंबात अशा मृत्यूचा इतिहास, कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, एकाच बैठकीत भरपूर मद्यपान आणि मृत्यूपूर्वीच्या एक-दोन दिवसांत झालेले अतिश्रम या गोष्टींशी मात्र संबंध दिसला. अशा अभ्यासाला मर्यादा असतात, कारण लस घेणारे लोक मुळातच प्रकृतीला जपणारे असू शकतात. तरीही लशीमुळे मृत्यूंची लाट आली असती, तर ती या आकड्यांत दिसल्यावाचून राहिली नसती.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ‘ही लस सुरक्षित आहे का?’ असे विचारले जाते, तेव्हा सुरक्षितता हा त्या बाटलीत भरलेला कायमचा गुण आहे असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात फायदा आणि धोका यांचे प्रमाण लस कोणाला दिली, केव्हा दिली आणि त्या वेळी भोवती आजार किती पसरला होता, यांवर ठरते. तीच लस, तीच कंपनी, तोच डोस, आणि तरीही एका माणसासाठी निःसंशय हिताची, तर दुसऱ्यासाठी तिचा फायदा आणि धोका जवळजवळ बरोबरीत, असे होऊ शकते.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण एप्रिल २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांनी मांडले. त्यांनी ॲस्ट्राझेनेकाच्या लशीमुळे सोळा आठवड्यांत आयसीयूत दाखल होण्याचे किती प्रसंग टळतील आणि लशीमुळे गुठळ्यांचा गंभीर त्रास किती जणांना होईल, हे वयानुसार शेजारी शेजारी ठेवले. दहा हजारांत रोज दोन जणांना संसर्ग होत असेल, म्हणजे साथ मंद असेल, तर विशीतील एक लाख लोकांमध्ये आयसीयूचे ०.८ प्रसंग टळत होते आणि गंभीर दुष्परिणाम १.१ होत होते. म्हणजे त्या वयाला, त्या परिस्थितीत, धोका किंचित जड होता. त्याच मंद साथीत साठ ते एकोणसत्तर वयोगटात १४.१ प्रसंग टळत होते आणि दुष्परिणाम ०.२ होते. साथ दहापट वेगाने पसरत असेल, तर विशीतही टळणारे प्रसंग ६.९ वर जात होते आणि दुष्परिणाम १.१ वरच राहत होता. ब्रिटनने याच आधारावर आधी तीस वर्षांखालील आणि महिन्याभराने चाळीस वर्षांखालील निरोगी लोकांना शक्यतो वेगळी लस द्यायचे ठरवले. ज्यांनी हा निर्णय ‘बघा, लस वाईट आहे हे त्यांनी मान्य केले’ असा वाचला त्यांनी तो चुकीचा वाचला, आणि ज्यांनी ‘दुष्परिणाम नगण्य आहेत, बोलूच नका’ असे म्हटले त्यांनीही.

या आकड्यांतली एक गोष्ट नीट पाहावी. लशीचा धोका एकदाच आणि ठरावीक असतो, तर आजाराचा धोका साथीच्या वेगाबरोबर बदलत राहतो. म्हणून आजच्या निर्णयाचे उत्तर सहा महिन्यांनी तेच राहील असे नाही.

आपल्या वडिलांचा एप्रिल २०२१ मधला निर्णय आता या पद्धतीने मांडून पाहू. त्या महिन्यात पुण्यात ऑक्सिजनचा बेड मिळवण्यासाठी नातेवाईक रात्रभर फोन करत होते आणि रेमडेसिविरसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा होत्या. समजा, त्या काळात दहा हजारांत रोज वीस जणांना संसर्ग होत होता. महिन्याभरात शंभरातील सहा जण बाधित झाले. पासष्टीच्या माणसाला त्या विषाणूचा संसर्ग झाल्यास मृत्यूची शक्यता, मुख्यतः श्रीमंत देशांतील २०२० च्या अभ्यासांनुसार, शेकडा सुमारे १.४ होती. म्हणजे लस न घेतलेल्या पासष्टीच्या एक लाख लोकांपैकी त्या एका महिन्यात सुमारे ८४ जण दगावले असते. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनमधील त्या वयाचा दर धरला तर लाखात ०.२ लोकांना गुठळ्यांचा गंभीर त्रास, आणि त्यातील साधारण पाचात एक मृत्यू. पहिला डोस लगेच पूर्ण संरक्षण देत नाही, त्याला दोन-तीन आठवडे लागतात, संरक्षण शंभर टक्के नसते, आणि माझा संसर्गाचा आकडा गृहीत आहे. हे सगळे जमेस धरून ८४ चे निम्मे केले किंवा चौथाई केली, तरी निष्कर्ष हलत नाही. वडिलांनी त्या वेळी लस घेतली ते योग्यच केले.

हाच हिशेब पंचविशीतल्या निरोगी मुलासाठी केला, तर त्या वयात संसर्गानंतर मृत्यूची शक्यता दहा हजारांत एक, म्हणून महिन्याभराचा आकडा लाखात ०.६ येतो. लशीच्या गुठळ्यांमुळे होणारे मृत्यू लाखात ०.२ च्या आसपास येतात. इथे पारडे अजूनही लशीच्या बाजूने झुकते, परंतु दोन्ही आकडे इतके लहान आणि जवळ आहेत की, त्या मुलाला कोणता आजार आहे, तो कुठे काम करतो, घरात आजी-आजोबा आहेत का, या गोष्टी निर्णायक ठरतात. तुलना करताना मृत्यूशी मृत्यू आणि आयसीयूशी आयसीयू लावावे लागते. एका बाजूला आजाराचे मृत्यू आणि दुसऱ्या बाजूला लशीनंतरचा ताप-अंगदुखीसह प्रत्येक त्रास मोजला, तर कोणतीही लस वाईट दिसेल, आणि उलट केले तर कोणताही दुष्परिणाम दिसेनासा होईल.

भारतात हा गुठळ्यांचा विकार किती झाला, हे आपण विचाराल. १७ मे २०२१ च्या त्या निवेदनात लशीनंतरच्या दुष्परिणामांची छाननी करणाऱ्या राष्ट्रीय समितीने तपासलेल्या ४९८ गंभीर घटनांपैकी २६ गुठळ्यांच्या असल्याचे आणि कोविशिल्डसाठी हे प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ असल्याचे म्हटले होते. त्याच वेळी ब्रिटनचा आकडा दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीचा १० सांगितला गेला. दक्षिण आशियाई लोकांत शिरांमधल्या गुठळ्या मुळातच कमी आढळतात, हे त्याचे एक कारण असू शकते. पण माझ्या मते यात कमी नोंद होण्याचाही मोठा वाटा आहे. दुसऱ्या लाटेत तीव्र डोकेदुखी आणि कमी प्लेटलेट घेऊन आलेल्या रुग्णाला डॉक्टर आधी कोविड समजत, मग डेंग्यूचा विचार करत. पीएफ-४ विरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी सहज उपलब्ध नव्हती, आणि कोविडमुळेही गुठळ्या होत असल्याने दोष लशीचा की आजाराचा, हे ठरवणे तज्ज्ञांनाही जड जात होते. म्हणूनच वरच्या हिशेबात मी भारताचा कमी आकडा न धरता ब्रिटनचा मोठा आकडा धरला. धोका मोजताना शंका असेल, तर ती लशीविरुद्ध धरून पाहावी. तरीही लस फायद्याची ठरली, तर तो निष्कर्ष टिकाऊ असतो.

‘लस घाईने आणली, पुरेशी चाचणी झाली नाही’ या आक्षेपात तथ्य किती? मोठ्या चाचण्यांत वीस ते चाळीस हजार लोक असतात. लस काम करते की नाही, आणि हजारात एकाला होणारा त्रास कोणता, हे सांगायला ते पुरेसे आहेत. पण एखादी घटना एकदाही दिसली नाही, तर तिचे खरे प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकेल, याचा साधा नियम असा की तीनला चाचणीतील लोकांच्या संख्येने भागावे. तीस हजारांत एकही घटना दिसली नाही, तरी ती दहा हजारांत एक असू शकते. लाखात एकाला होणारा टीटीएस पकडायला किमान तीन लाख लोकांची चाचणी लागली असती, आणि तशी चाचणी कोणत्याही लशीची सहसा होत नाही, मग ती दहा वर्षांत तयार झालेली असो की दहा महिन्यांत. दुर्मिळ दुष्परिणाम लस लोकांना देऊ लागल्यावरच कळतात; प्रश्न एवढाच की ते शोधणारी यंत्रणा जागी आहे का. टीटीएस युरोपात मार्च २०२१ मध्ये, वापर सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच पकडला गेला, हे मला त्या यंत्रणेचे यश वाटते.

मात्र घाईबद्दलचा एक आक्षेप मी पूर्णपणे मान्य करते. ३ जानेवारी २०२१ रोजी कोविशिल्डबरोबर कोव्हॅक्सिनलाही परवानगी मिळाली, तेव्हा कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील परिणामकारकतेचे निष्कर्ष हाती नव्हते. ही लस भारत बायोटेकने आपल्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून तयार केली, आणि पुढे तिची लक्षणे असलेल्या कोविडविरुद्धची परिणामकारकता ७७.८ टक्के आढळली. शेवट चांगला झाला म्हणून आधीची पद्धत योग्य ठरत नाही. लस घेणाऱ्याला त्या दिवशी काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते, हे स्पष्ट सांगणे आवश्यक होते.

घाईचा धोका खरा ठरल्याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये तिथल्या एका लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एक सैनिक दगावला, १९१८ च्या इन्फ्लुएन्झा महासाथीची पुनरावृत्ती होणार या भीतीने ऑक्टोबरपासून चार कोटींहून अधिक लोकांना लस दिली गेली, आणि महासाथ आलीच नाही. लसीकरणानंतर लाखात सुमारे एकाला गियाँ-बारे हा नसांचा विकार अधिक झाल्याचे दिसले आणि डिसेंबरमध्ये मोहीम थांबवावी लागली. लाखात एक हा आकडा टीटीएसच्या जवळपासचाच. पण १९७६ मध्ये समोरच्या पारड्यात आजारच नव्हता, त्यामुळे तेवढाच धोकाही समर्थनीय राहिला नाही.

पुण्याने याची दुसरी बाजू २००९ मध्ये पाहिली. ३ ऑगस्टला देशातील स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारायची लस बाजारात आली ती जुलै २०१० मध्ये, आणि जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ संपल्याचे जाहीर केले ते १० ऑगस्ट २०१० रोजी. लस उत्तम असली, तरी लाट ओसरल्यावर आली तर तिचा फायदा आटलेला असतो. सावकाश, सर्व शंका फिटल्यावर लस आणावी असे म्हणणाऱ्यांनी त्या वाट पाहण्याची किंमतही मोजावी. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत लसवंचित राहिलेल्या मध्यमवयीन लोकांनी ती मोजली आहे.

लशीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट लशीमुळे घडली का, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. समजा, साठीपुढील लोकांत वर्षाला हजारी ४० मृत्यू एरवीही होतात. त्यांतल्या एक लाख लोकांना आज साधे पाणी टोचले, तरी पुढच्या सात दिवसांत सुमारे ७७ जण दगावतील, आणि त्या ७७ कुटुंबांना तो मृत्यू इंजेक्शननंतरच आलेला दिसेल. त्यांचे दुःख खरे असते आणि संशयही स्वाभाविक असतो. तो दूर करायचा तर लस घेतलेल्यांत त्या वयाच्या अपेक्षेपेक्षा जास्त घटना घडल्या का, त्या विशिष्ट दिवसांतच एकवटल्या का, आणि शरीरात त्याची यंत्रणा सापडते का, हे पाहावे लागते. टीटीएस या तिन्ही कसोट्यांना उतरला, म्हणून तो मान्य झाला. आपल्या देशातही लशीमुळे झालेला पहिला मृत्यू राष्ट्रीय समितीने जून २०२१ मध्ये मान्य केला; ८ मार्चला लस घेतलेल्या ६८ वर्षांच्या गृहस्थांचा तो मृत्यू ॲनाफिलॅक्सिसने, म्हणजे तीव्र ॲलर्जीने झाला होता.

ॲनाफिलॅक्सिस हा लशीचा असा धोका आहे की जो तिथल्या तिथे आटोक्यात येऊ शकतो, म्हणूनच अर्धा तास बसवून ठेवतात. मी लसीकरण केंद्राची पाहणी करते तेव्हा आधी फ्रीजमधले तापमान दोन ते आठ अंशांत आहे का, हे पाहते. मग बाटलीवर ती उघडल्याची वेळ लिहिली आहे का, कारण कोविशिल्डच्या दहा डोसांच्या बाटलीतला माल उघडल्यावर चार तासांत संपवायचा किंवा टाकून द्यायचा असे. आणि मग ॲड्रिनॅलिनची, म्हणजे तीव्र ॲलर्जीवरच्या तातडीच्या औषधाची, कुपी कुठे आहे, असे परिचारिकेला विचारते. ती कुलूपबंद कपाटात असेल आणि किल्ली दुसऱ्याच माणसाकडे असेल, तर त्या केंद्रावरचा धोका कागदावरच्या धोक्यापेक्षा जास्त आहे. घशाला आवळल्यासारखे होऊन, अंगावर गांधी उठून माणूस कोसळू लागतो तेव्हा मांडीच्या स्नायूत अर्धा मिलीलीटर ॲड्रिनॅलिन पहिल्या काही मिनिटांत जावे लागते. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी हाफकिन यांची प्लेगची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले, ते एका दूषित बाटलीमुळे. हाफकिन यांना दोषमुक्त व्हायला १९०७ उजाडले. लस चांगली असणे आणि लस चांगली टोचली जाणे या दोन्ही गोष्टी तपासायला हव्यात.

फायद्याच्या बाजूलाही कोणता फायदा, हे विचारले पाहिजे. संसर्ग टाळणे, गंभीर आजार टाळणे आणि दुसऱ्याला बाधा होऊ न देणे हे तीन वेगळे फायदे आहेत. लष्करी दलांतील सुमारे १५.९ लाख आरोग्य व आघाडीच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासात कोविशिल्डच्या दोन डोसांनंतर संसर्गात ९३ टक्के आणि मृत्यूंत ९८ टक्के घट नोंदवली गेली. नंतर ओमायक्रॉन आल्यावर संसर्ग रोखण्याची ताकद खूपच घटली, पण गंभीर आजारापासूनचे संरक्षण बऱ्याच प्रमाणात टिकले. त्याचबरोबर ज्यांना आधी संसर्ग होऊन गेला होता, त्यांचा नव्या डोसपासूनचा जादा फायदा कमी होता. पुण्याच्या पाच प्रभागांत जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये झालेल्या पाहणीत ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी आढळल्या होत्या, म्हणजे लस येण्यापूर्वीच शहराच्या काही भागांतल्या निम्म्या लोकांना विषाणू भेटून गेला होता. तरीही दुसऱ्या लाटेने पुण्याला सोडले नाही, हे लक्षात घेता ‘मला होऊन गेला, आता लस नको’ असे साठीच्या मधुमेही माणसाला मी तेव्हाही सांगितले नसते; निरोगी पंचविशीच्या मुलाला तिसऱ्या डोसबद्दल मात्र मी आग्रह धरला नाही.

दुसऱ्याला बाधा होऊ नये म्हणून लस घ्या, हा युक्तिवाद जेव्हा लस संसर्ग खरोखर रोखते तेव्हाच पूर्ण वजनाने करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, आणि संसर्गाचे प्रमाण कमी असताना लस न घेतलेल्यांवर घातलेले निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरतात, असे म्हटले. लसीकरणाचे सरकारी धोरण मात्र अवाजवी ठरवले नाही. मला ही भूमिका शास्त्राशी सुसंगत वाटते. त्याच वेळी समाजाच्या भल्यासाठी लस घेऊन ज्याला खरोखर इजा झाली, त्याला कोणाची चूक सिद्ध न करता भरपाई मिळाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनमध्ये अशा व्यक्तीला १ लाख २० हजार पौंड एकरकमी देण्याची तरतूद आहे. लाखात एकाच्या वाट्याला आलेला धोका उरलेल्यांनी वाटून घेतला, तर दुष्परिणामांबद्दल उघडपणे बोलणे सरकारलाही सोपे जाईल.

आजार कमी झाला की हिशेब कसा उलटतो, हे पोलिओने दाखवले. तोंडावाटे द्यायच्या थेंबांतील जिवंत विषाणूमुळे अत्यंत क्वचित पक्षाघात होतो. हजारो मुले पोलिओने लुळी पडत होती तोवर तो धोका स्वीकारणे बरोबर होते. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात देशातील शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला, आणि नोव्हेंबर २०१५ पासून इंजेक्शनची निष्क्रिय लस जोडून एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतील दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकण्यात आला. थेंब आधी चुकीचे होते म्हणून हा बदल झाला नाही, तर त्यांनी आपले काम केले म्हणून तो करावा लागला.

पुढच्या वेळी आपल्या घरात हा निर्णय घेताना आधी आजाराकडे पाहा: तो आपल्या वयाला आणि सहव्याधींना किती घातक आहे आणि आज पुण्यात किती वेगाने पसरतो आहे. मग लशीबद्दल, ती किती लाख लोकांनी घेऊन किमान दोन महिने झाले आहेत, हे विचारा, कारण लशींचे बहुतेक गंभीर दुष्परिणाम पहिल्या सहा-आठ आठवड्यांत दिसतात. लस शरीरात साठून राहत नाही, तिने जागवलेला प्रतिसाद त्या काळातच शिगेला असतो. याला अपवाद असू शकतात. २००९ च्या एका फ्लू लशीनंतर फिनलंड आणि स्वीडनमधील मुलांत नार्कोलेप्सी हा झोपेचा विकार वाढल्याचे २०१० च्या उन्हाळ्यात लक्षात आले होते. आपल्या वडिलांसारख्यांनी लस मिळताच घ्यावी. आपण आणि पत्नी चाळिशीत आहात. साथ जोरात असेल तर थांबू नये, मंद असेल तर काही आठवडे माहिती जमू देण्यात गैर नाही. पत्नी त्या वेळी गरोदर असेल तर ‘गरोदरपणात कोणतीच लस नको’ असे परस्पर ठरवू नका. कोविडमध्ये गरोदर स्त्रियांना आजार अधिक तीव्र होत असूनही आपल्याकडे त्यांना लशीची परवानगी मिळायला २ जुलै २०२१ उजाडला, आणि तो उशीर मला आजही अन्यायकारक वाटतो.

मुलीचा निर्णय सर्वांत नाजूक आहे, कारण कोविडमध्ये त्या वयाला आजाराचा धोका कमी होता आणि दुष्परिणामांचे स्वरूप लशीगणिक वेगळे होते. उदाहरणार्थ, (फायझर, मॉडर्ना यांच्या) एमआरएनए लशींच्या दुसऱ्या डोसनंतर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचे प्रमाण अमेरिकेत १२ ते २९ वयाच्या मुलांत-तरुणांत दहा लाख डोसमागे सुमारे ४० होते, आणि मुलींमध्ये बरेच कमी. पुढचा विषाणू कोविडसारखा वृद्धांनाच गाठणारा असेल असेही नाही. १९१८ चा इन्फ्लुएन्झा ऐन तारुण्यातल्या लोकांना मारत होता. तेव्हा तिच्यासाठी त्या साथीतील तिच्याच वयोगटाचे आकडे मागा, आपल्या वडिलांच्या अनुभवावरून तिचा निर्णय करू नका, आणि ती अकरावीत आहे म्हणजे ते आकडे तिच्यासमोर ठेवून तिलाही विचारता येईल.

लस घेतली तर प्रमाणपत्रावरील लशीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. सहा आठवड्यांच्या आत तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, धाप, पायाची सूज किंवा अंगावर लाल ठिपके असे काही झाले, तर दवाखान्यात गेल्याबरोबर ‘अमुक तारखेला लस घेतली आहे’ हे डॉक्टरांनी न विचारताही सांगा, प्लेटलेटची तपासणी करून घ्या आणि घटनेची नोंद महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करायला लावा. टीटीएसमध्ये गुठळ्यांवरचे हेपारिन हे नेहमीचे औषध टाळून दुसरी औषधे द्यावी लागतात, त्यामुळे ही एक तारीख सांगितल्याने उपचारच बदलतो. वडिलांना अँजिओप्लास्टीनंतर दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र लशीच्या भीतीने किंवा लशीच्या नावाखाली त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. लस टोचून झाल्यावर इंजेक्शनच्या जागी दोन-तीन मिनिटे दाबून धरले की पुरते.